जन्मतःच आरोपी: सेटलमेंटची गोष्ट

हा भाग ऐकायला वेळ नाही, वाचायला द्या असं सांगणारे बरेच जण असतात, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

सोलापुरात रिक्षात बसा आणि नुसतं ‘सेटलमेंट’ म्हणा. रिक्षावाला पुढे काही विचारत नाही. मी सोलापूरचा, त्यामुळे लहानपणापासून हा शब्द कानावर आहे. जसं विजापूर वेस, जसं सात रस्ता, तसं सेटलमेंट. त्याला लागून ‘फ्री कॉलनी’ असंही एक नाव आहे. हा इंग्रजी शब्द आपल्या गावात का आला, आणि एक कॉलनी ‘फ्री’ असेल तर दुसरी काय होती, हा प्रश्न मला बी.टेक. होऊन नोकरीला लागेपर्यंत पडला नव्हता. म्हणजे बघा, चार हुतात्म्यांची गोष्ट आम्हाला शाळेत दरवर्षी सांगायचे. १९३० चा मार्शल लॉ तर पाठच. पण त्याच शहरात, त्याच काळात, हजारो माणसं काटेरी तारेच्या आत राहत होती, रोज हजेरी देत होती, आणि त्यातल्या बहुतेकांवर कुठल्याही कोर्टात कसलाही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता, हे कुणी सांगितलं नाही.

शाळेतली एक गोष्ट मात्र लक्षात आहे. सातवीत असताना वर्गात एका मुलीचं घड्याळ हरवलं. सर आले आणि थेट तिसऱ्या बाकावर गेले. तिथे बसणारा मुलगा सेटलमेंटमधून यायचा. त्याचं दप्तर उलटं केलं, खिसे बघितले. काही सापडलं नाही. मग सर म्हणाले, ‘उद्या घेऊन ये.’ आमच्या कुणाचंही दप्तर उघडलं गेलं नाही. माझंही नाही. घड्याळ शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि दिवाळीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही. त्या वेळी मला यात काही विचित्र वाटलं नव्हतं, आणि तीच गोष्ट आता डोक्यातून जात नाही.

तर आजचा विषय: तुरुंगात कोण असतं? नुसतं ‘गुन्हेगार’ म्हणू नका. अमेरिकेत तुरुंगातल्या काळ्या लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट आहे, हे आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या डॉक्युमेंटरीत बघितलंय. आपल्याकडे ही गोष्ट वंशाच्या नाही तर जाती-जमातीच्या नावाने चालते. आणि आपल्याकडे तर हे एका कायद्यात सरळ लिहून ठेवलं होतं.

कायद्याचं नाव क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट, गुन्हेगार जमाती कायदा. १८७१ चा २७ वा कायदा.

पण त्याच्या थोडं मागे जाऊ. १८३० च्या दशकात स्लीमन नावाचा इंग्रज अधिकारी ठगांच्या मागे लागला. ठग म्हणजे वाटसरूंना गळा आवळून मारणाऱ्या टोळ्या. किती खऱ्या, किती कल्पनेतल्या यावर इतिहासकार आजही भांडतात. आपल्याला महत्त्वाचा आहे तो १८३६ चा कायदा. त्यात असं ठरवलं की एखादा माणूस ठगांच्या टोळीत होता एवढं सिद्ध झालं तरी त्याला जन्मठेप देता येईल. त्याने स्वतः नेमका कुणाचा खून केला, कधी केला, हे दाखवायची गरज नाही. तू काय केलंस हा प्रश्न मागे पडला, तू कुणापैकी आहेस हा पुढे आला. एकदा ही वाट मोकळी झाली की पुढचं पाऊल सोपं असतं. टोळीच्या जागी अख्खी जमात.

१८७१ मध्ये विधेयक मांडताना जो युक्तिवाद झाला तो ऐकून आज हसू येईल, पण तो आपल्याच समाजाकडे बोट दाखवून केला होता. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर. मग जन्माने गुन्हेगार असणारे लोकही असणारच की! जातीची चौकट आपली, त्यावर इंग्रजांनी शिक्का मारला. म्हणून हा कायदा फक्त ‘गोऱ्यांनी केलेला अन्याय’ म्हणून सोडून देणं मला पटत नाही. गावच्या पाटलाला, जमीनदाराला या कायद्याने खबर द्यायची जबाबदारी दिली, आणि त्यांनी ती आनंदाने पार पाडली.

कायदा चालायचा कसा? प्रांत सरकारला वाटलं की अमुक एक जमात सराईतपणे अजामीनपात्र गुन्हे करते, तर वरून परवानगी घेऊन सरकार ती जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करायचं. ही अधिसूचना कोर्टात आव्हान देण्यासारखी नव्हती. मग जमातीतल्या लोकांची नोंदवही तयार व्हायची. नाव वहीत आलं की ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर पास. पासाशिवाय सापडलात तर पहिल्यांदा सहा महिने सक्तमजुरी, दंड किंवा फटके. दुसऱ्यांदा वर्षभर. म्हणजे मावशीच्या गावाला लग्नाला गेलात, पास नव्हता, तर तुरुंग. आणि आता तुमच्या नावावर खरोखरची शिक्षा आहे! आत्तापर्यंत फक्त संशय होता, आता रेकॉर्ड झालं. पुढच्या वेळी अधिकारी म्हणणार, बघा, आम्ही म्हणत होतोच.

आमच्या धंद्यात याला फीडबॅक लूप म्हणतात. सिस्टीमने स्वतःच तयार केलेला डेटा सिस्टीमलाच पुरावा म्हणून परत खायला घालायचा. १८७१ मध्ये संगणक नव्हता, वही होती, एवढाच फरक.

सुरुवातीला हा कायदा उत्तरेत होता: पंजाब, अवध, वायव्य प्रांत. नंतर बंगाल. १९११ मध्ये तो नव्याने केला आणि सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झाला, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्यातही. १९११ चा कायदा जास्त कडक होता. नोंदलेल्या माणसांच्या बोटांचे ठसे घ्यायचे. ठरावीक गुन्ह्यांमध्ये दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा काळं पाणी किंवा जन्मठेप. तोच गुन्हा, त्याच रकमेची चोरी, आणि चोर तुमच्या-माझ्या घरातला असेल तर काही महिने. मुलांना आईबापांपासून वेगळं करून सुधारगृहात ठेवण्याचीही तरतूद होती.

ठशांवरून एक सांगतो. जगातलं पहिलं फिंगरप्रिंट ब्युरो लंडनमध्ये झालं असं आपल्याला वाटेल. ते कलकत्त्यात झालं, १८९७ साली. वर्गीकरणाची जी पद्धत ‘हेन्री पद्धत’ म्हणून जगभर गेली, तिच्यामागचं बरंचसं गणित अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी पोलीस अधिकाऱ्यांचं होतं. तुमचा फोन अंगठ्याने उघडता ना, त्या तंत्राचं पाळण्यातलं वय इथे गेलं. आणि इथे या तंत्राला सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण होतं, तर ‘हा माणूस कोण आहे’ हे सतत जाणून घ्यायचं असणारं पोलीस खातं.

आता कोण होते हे लोक? यादी मोठी आहे. आपल्या भागापुरतं बोलायचं तर पारधी, कैकाडी, बेरड, रामोशी, भामटा, कंजारभाट, छप्परबंद, घंटीचोर, लमाण. यातल्या प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे, पण एक धागा कॉमन सापडतो. बहुतेक जण फिरस्ते होते, किंवा ज्यांचा धंदा इंग्रजी राजवटीने मोडला असे होते.

बंजाऱ्यांचं घ्या. बैलांच्या तांड्यावर धान्य आणि मीठ लादून दख्खनभर नेणारी ही माणसं म्हणजे त्या काळची लॉजिस्टिक्स कंपनी. मोगलांच्या फौजेला धान्य पुरवलं, मराठ्यांच्या फौजेला पुरवलं, १८०३ च्या लढाईत वेलस्लीच्या इंग्रज फौजेलाही पुरवलं. तेव्हा ते ‘गुन्हेगार’ नव्हते. मग १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, १८६० मध्ये रेल्वे सोलापुरापर्यंत पोचली. मिठावर सरकारची मक्तेदारी होतीच. बैलाच्या पाठीवरचा धंदा दहा-वीस वर्षांत संपला. तांडा मात्र फिरतच राहिला, कारण फिरणं हेच त्यांना माहीत होतं. आणि धंदा नसलेला, पत्ता नसलेला, फिरणारा माणूस हा कुठल्याही सरकारच्या डोळ्यांत खुपतो.

पारध्यांचं जंगल गेलं. १८६५ चा आणि १८७८ चा वन कायदा आला, आणि शिकार करणारा माणूस आपल्याच रानात चोर झाला. (स्वतंत्र भारतात १९७२ चा वन्यजीव कायदा आला, त्याने उरलंसुरलं संपवलं. हरणं वाचली पाहिजेत हे मान्यच. पण फासेपारध्याला दुसरं काम कोण देणार होतं, याचा त्या कायद्यात एक शब्द नाही.) रामोशी तर गावचे राखणदार, किल्ल्यांवरचे पहारेकरी. मराठेशाही गेली आणि राखणदारीची नोकरी गेली. उमाजी नाईकांनी बंड केलं, १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी दिलं. पुढे त्या अख्ख्या समाजाकडेच संशयाने बघितलं गेलं.

इथे एक प्रामाणिक गोष्ट बोलली पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल हा एकच बाजू सांगतोय. या जमातींमध्ये चोरी अजिबात नव्हती असं कुणी म्हणत नाही. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ वाचा, १९८७ चं पुस्तक, साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. त्यात चोरी कशी शिकवतात हेही आहे, आणि पोलीस घरात घुसून काय करतात हेही आहे. काही कुटुंबांचं पोट खरोखर त्यावर चालायचं. पण चोरीची शिक्षा चोराला होते. हा कायदा चोराच्या तान्ह्या पुतणीलाही त्याच यादीत जन्माला घालत होता. आणि ज्याच्या सात पिढ्यांत कुणी चोरी केली नाही त्या माणसालाही ती सुटका नव्हती.

आता पुन्हा सोलापूर. १९११ च्या कायद्यानंतरच्या काही वर्षांत मुंबई इलाख्यात ‘सेटलमेंट’ उभ्या राहिल्या. विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर. कल्पना अशी की या लोकांना एका जागी आणायचं, बाहेर तार घालायची, आत शाळा, काम, हजेरी. याचा मुख्य अधिकारी स्टार्ट नावाचा आय.सी.एस. माणूस. हा क्रूर वगैरे अजिबात नव्हता, आणि मला वाटतं म्हणूनच हे प्रकरण जास्त समजून घेण्यासारखं आहे. त्याला खरंच वाटायचं की आपण लोकांना सुधारतोय. हाच स्टार्ट पुढे १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या प्रश्नांसाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष झाला, आणि त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. म्हणजे माणूस त्या काळाच्या मानाने उदारच म्हणायचा.

पण तार ती तारच. सोलापूर का निवडलं, तर इथे गिरण्या होत्या. जुनी मिल होती, लक्ष्मी-विष्णू होती, कामगार हवे होते. सेटलमेंटमधली माणसं सकाळी मिलमध्ये जायची, संध्याकाळी परत येऊन हजेरी द्यायची. जो कामगार काम सोडून दुसऱ्या गावी जाऊच शकत नाही, गेला तर तुरुंगात जातो, तो मालकाला किती सोयीचा असेल याचा विचार करा. सुधारणाही झाली आणि स्वस्त, हक्काचा मजूरही मिळाला. काही वर्षं ‘चांगलं वागलं’ की तारेच्या बाहेर, पण शेजारीच, राहायची परवानगी मिळायची. ती ‘फ्री कॉलनी’. आता कळलं नाव कुठून आलं?

थोडं अमेरिकेला जाऊन येऊ, दोन मिनिटं. १८६५ मध्ये तिथे गुलामगिरी संपली. त्याच वर्षी मिसिसिपीने कायदा केला की मुक्त झालेला काळा माणूस कामधंद्याशिवाय सापडला तर तो ‘भटक्या’, म्हणजे गुन्हेगार. दंड करा. दंड भरता आला नाही तर त्याला मजुरीवर लावून द्या. गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनादुरुस्तीतच एक अपवाद होता, गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम चालेल. तिथला कायदा आणि आपला कायदा यांत अंतर सहा वर्षांचं. दोन्हीकडे रिकामं फिरणं हाच गुन्हा, आणि दोन्हीकडे शेवटी माणूस पोचतो कुठे तर मळ्यावर किंवा गिरणीत.

आपल्याकडे या कायद्याविरुद्ध बोललं गेलं. नेहरूंनी १९३६ मध्ये याला नागरी स्वातंत्र्याचा नकार म्हटलं होतं. १९३७ ला मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं तेव्हा गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. पण कायदा गेला कधी? मुंबई प्रांतात १९४९ मध्ये. देशभरातून ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणून भटके-विमुक्त समाज ३१ ऑगस्टला ‘विमुक्त दिन’ पाळतो. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, यातल्या अनेकांना पाच वर्षं आणि सोळा दिवस थांबावं लागलं. स्वातंत्र्याच्या वेळी १२७ जमाती आणि सव्वा कोटीच्या वर माणसं या कायद्याखाली होती असा आकडा नेहमी दिला जातो.

तर कायदा गेला. मग लूप तुटला का?

नाही ना. लगेच वेगवेगळ्या राज्यांनी ‘हॅबिच्युअल ऑफेंडर्स’ कायदे केले. आपल्याकडे १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा. शब्द बदलला. जमात काढली, ‘सराईत’ घातलं. कागदावर हे व्यक्तीवर आहे, जमातीवर नाही, त्यामुळे वाचायला ठीक वाटतं. पण सराईत कोण ठरणार? ज्याच्यावर आधी केसेस आहेत तो. आधी केसेस कुणावर? ज्याच्या पालावर पोलीस सगळ्यात आधी जातात त्याच्यावर. त्याच वर्षी भीक मागण्याविरुद्धचा मुंबईचा कायदाही आला, आणि रस्त्यावर खेळ करणारे, देवाच्या नावाने मागणारे, सगळे त्याच्या जाळ्यात. २००० साली राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सराईत गुन्हेगार कायदे रद्द करा म्हटलं, २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने तेच सांगितलं. हो, वंशभेदविरोधी समितीने. आपण कितीही म्हटलं की हा आपला घरातला जातीचा विषय आहे, तरी.

आणि भाषा! यावर मी खूप वेळ अडकलो होतो. आपण पेपरात रोज वाचतो, ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’. भामटा ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत असलेली जमात आहे, राजपूत भामटाही आहे. ‘उचल्या’ शिवी आहे आणि माणसांचं नावही आहे. ‘बेरड’ म्हणजे निर्लज्ज, आणि बेरड म्हणजे एक समाज. ‘पारधी टोळी जेरबंद’ ही बातमी मी कितीदा वाचली असेल, पण दुसऱ्या कुठल्या जातीचं नाव लावून ‘टोळी जेरबंद’ असं कधी छापलेलं आठवत नाही. करून बघा, तुमच्या स्वतःच्या जातीचं नाव त्या जागी घालून वाचा. ‘भामटा’ हा शब्द मी स्वतः आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर गेल्या वर्षीपर्यंत बिनधास्त वापरत होतो.

आता थोडे आकडे. एन.सी.आर.बी. दरवर्षी तुरुंगांची आकडेवारी काढते. २०१९ च्या अहवालात शिक्षा झालेल्या कैद्यांमध्ये अनुसूचित जातींचे २१.७ टक्के होते. २०११ च्या जनगणनेत त्यांचं प्रमाण १६.६ टक्के. अनुसूचित जमाती लोकसंख्येत ८.६ टक्के, शिक्षा झालेल्यांत १३.६ टक्के, म्हणजे दीडपटीहून जास्त. मुस्लिम लोकसंख्येत १४.२ टक्के, खटला संपायची वाट बघत आत असलेल्या कच्च्या कैद्यांत १८.७ टक्के. आणि भारतातल्या तुरुंगात कच्चे कैदी किती? २०२२ च्या अहवालात सुमारे ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार. चारातले तीन जण अजून दोषी ठरलेलेच नाहीत.

कुणी म्हणेल, प्रमाण जास्त आहे म्हणजे गुन्हे जास्त केले असतील. मी इंजिनीअर आहे, मला हा प्रश्न चुकीचा वाटत नाही, विचारलाच पाहिजे. पण तुरुंगातला आकडा हा गुन्ह्यांचा आकडा नसतो. तो अटक, जामीन, वकील आणि वेळ या चार गाळण्यांतून खाली आलेला आकडा असतो. दरोडा पडला की आधी कुणाला उचललं? जामीन झाला तर जामीनदार कोण? आपल्या कोर्टात जामीनदाराला तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखला, सातबारा, रेशन कार्ड असं काय काय मागतात. पालावर राहणाऱ्या माणसाच्या ओळखीत सातबारा कुणाचा असणार? जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, कारण त्याच्यासाठी सही करायला कुणी नाही.

२०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ मध्ये, एक चांगली गोष्ट आहे. आधी कधीच कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडायचं. मस्त ना? पण पुढच्याच पोटकलमात लिहिलंय, एकापेक्षा जास्त केसेस प्रलंबित असतील तर हा फायदा नाही. आता सांगा, दर चोरीनंतर ज्याला उचललं जातं त्याच्यावर एकच केस कशी असेल? वहीच्या जोरावर लागलेल्या केसेस आता जामीन अडवतात.

आणि या सगळ्या आकडेवारीत विमुक्तांसाठी रकानाच नाही. कुणी अनुसूचित जातीत आहे, कुणी जमातीत, कुणी ओबीसीत. आपल्या राज्यात विमुक्त जातींचा वेगळा प्रवर्ग आहे, १४ जाती, ३ टक्के आरक्षण, पण फासेपारधी अनुसूचित जमातीत आणि पाल पारधी विमुक्तांत. देशपातळीवर तर सगळा गोंधळच. ज्यांना ऐंशी वर्षं एकेक करून वहीत नोंदवलं, बोटांचे ठसे घेतले, त्यांचं तुरुंगातलं प्रमाण मोजायला मात्र आपल्याकडे वही नाही.

एक प्रकरण सांगतो, नावं घेत नाही. २००३ चा जून. नाशिक जिल्ह्यात शेतातल्या एका झोपडीवर रात्री हल्ला झाला, पाच माणसं मारली गेली, बलात्कार झाला. भयंकर गुन्हा. भटक्या समाजातल्या सहा जणांना पकडलं. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटो अल्बममधून वेगळ्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्या चौघांचा नीट तपासच झाला नव्हता. कोर्ट म्हणालं, या सहा जणांना खोटं गोवलं, राज्य सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत. जवळपास सोळा वर्षं. सहा जणांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. पाच लाख भागिले सोळा वर्षं, कॅल्क्युलेटर तुमच्या हातात आहेच. आणि त्या कुटुंबाचे खरे मारेकरी कोण, याचं उत्तर त्या बाईला मिळालं नाही ते नाहीच.

त्याच्या पाच वर्षं आधीची गोष्ट. १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी समाजातला माणूस पोलीस कोठडीत मेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बंगालमध्ये पुरुलियाला बुधन शबर कोठडीत मेला होता. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून याच वर्षी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. पुढे केंद्राने राष्ट्रीय आयोग नेमला, त्याचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके, आमच्या सोलापूरचे. २००८ ला त्यांनी अहवाल दिला. नंतर दादा इदाते आयोग आला, त्याचाही अहवाल आला. अहवाल लिहिण्यात आपण मागे नाही.

अलीकडची एक गोष्ट मात्र खरोखर हलवणारी आहे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी २०२० मध्ये तुरुंगांतल्या जातीवर मोठी बातमी केली. तुरुंगाच्या नियमावल्यांमध्येच लिहिलेलं होतं की अमुक जातीने झाडू मारायचा, अमुक जातीने स्वयंपाक करायचा. त्या स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या खंडपीठाने या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. त्यात विमुक्तांबद्दलचा भाग फार कुणी वाचला नाही. बंगालच्या नियमावलीत लिहिलं होतं की रात्रीचा पहारा अशा कैद्याला देऊ नये ज्याच्या वर्गात पळून जायची नैसर्गिक वृत्ती आहे, उदाहरणार्थ भटक्या जमाती. मध्य प्रदेशात विमुक्त जमातीतल्या माणसाला सराईत गुन्हेगार म्हणून धरण्याची मुभा होती. १८७१ चं वाक्य २०२४ पर्यंत छापील नियमात जिवंत! कोर्टाने ते खोडायला लावलं.

आणि त्याच सुमाराला दुसरीकडे काय झालं? २०२२ मध्ये ओळख पटवण्याच्या जुन्या १९२० च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. ठसे, बुबुळ, सही, जैविक नमुने, सगळं घ्यायची मुभा, आणि एन.सी.आर.बी.ने हे रेकॉर्ड ७५ वर्षं ठेवायचं. त्यावर चेहरा ओळखणारी सॉफ्टवेअर बसतील, कुठे गस्त घालायची हे सांगणारी बसतील. ती आमच्यासारखेच कुणीतरी लिहितील. मी स्वतः एका कंपनीत फसवणूक पकडणाऱ्या मॉडेलवर काम केलंय. जात विचारायची नाही हा नियम होता, आम्ही विचारली नाही. पण पिनकोड घेतला. काही पिनकोडचे अर्ज धडाधड लाल व्हायला लागले. मी मीटिंगमध्ये विचारलं, हे भाग कुठले आहेत ते एकदा बघू या का? उत्तर मिळालं, मॉडेलची अचूकता चांगली आहे, पुढचा मुद्दा घ्या. घेतला. मी पण घेतला.

२०२७ च्या जनगणनेत जात मोजणार असं सरकारने जाहीर केलंय. १९३१ नंतर पहिल्यांदा सगळ्या जाती. भटक्या-विमुक्तांच्या संघटनांची मागणी आहे की आम्हाला वेगळा रकाना द्या. गंमत बघा, शंभर वर्षांपूर्वी यांचे आजोबा वहीतून नाव काढा म्हणून अर्ज करत होते. काही जण याला विरोधही करतात, पुन्हा वेगळी यादी नको म्हणतात, आणि त्यांची भीती मला खोटी वाटत नाही. माझं मत विचाराल तर रकाना हवा, पण पोलीस ठाण्यातल्या यादीपासून तो लांब राहील याची हमी आधी हवी. यावर तुमचं म्हणणं व्हॉइस नोट करून पाठवा, विशेषतः ज्यांच्या घरात हजेरीच्या आठवणी आहेत त्यांनी. आजी-आजोबा असतील तर त्यांनाच बोलू द्या, कसल्याही आवाजात, कुठल्याही बोलीत. पुढचा भाग त्यावरच करायचा विचार आहे.

मागच्या महिन्यात घरी गेलो होतो तेव्हा सेटलमेंटमध्ये एक चक्कर मारली. तार कुठे होती ते कुणाला नीट सांगता येईना. एका आजोबांनी रस्त्याच्या वळणाकडे हात केला आणि म्हणाले, ‘तिथून पलीकडे गेलं की शिट्टी वाजायची.’